एक्सल बूट, बॉडी कॅप आणि जुनी एन्लार्जर लेन्स: क्लोजअपसाठी घरची टिल्ट लेन्स

कोल्हापुरी साज कापडावर आडवा मांडून समोरनं तिरका फोटो घ्यायला गेलं की अडचण लगेच कळते, पुढचं कासवाच्या आकाराचं पान एकदम कडक, त्याच्या मागचा मासा जरा मऊ, आणि भुंग्यापर्यंत जाईस्तोवर नुसते सोनेरी धब्बे. साजात २१ पानं, आणि ज्याला तो विकायचाय त्याला सगळीच्या सगळी दिसायला पाहिजेत. मग आपण अॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं छिद्र, बंद करत करत एफ/२२ पर्यंत जातो, थोडी खोली वाढते, पण एवढ्या जवळनं एफ/२२ म्हणजे डिफ्रॅक्शनमुळं, बारीक छिद्रातनं उजेड पसरल्यामुळं, सगळाच फोटो मऊ पडतो, जे शार्प होतं तेपण जातं. फोकस स्टॅकिंग आहे, म्हणजे वेगवेगळ्या फोकसचे फोटो जोडून एक करणं, मी पण करतो, पण सोन्यावरची चमक प्रत्येक फ्रेममध्ये जरा जरा बदलते आणि सॉफ्टवेअर त्या कडांवर गोंधळ घालतं. आणि बाहेर पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर वाऱ्यात हलणाऱ्या फुलाचं स्टॅकिंग करणार कसं?

यावर खरा उपाय म्हणजे लेन्सच कलवणं, म्हणजेच टिल्ट करणं. नेहमीच्या कॅमेऱ्यात लेन्स आणि सेन्सर एकमेकांना समांतर असतात, म्हणून शार्प दिसणारी पातळी पण सेन्सरला समांतर उभी राहते, आणि आपला साज तर टेबलावर आडवा आहे, त्यामुळं दोघांची गाठ फक्त एका रेषेवर पडते. लेन्स पुढं कलवली की ती शार्प पातळी पण आडवी व्हायला लागते आणि बरोबर जमलं की ती टेबलावर येऊन बसते. तेव्हा सेन्सर, लेन्स आणि टेबल या तिन्हींच्या पातळ्या मनातल्या मनात लांब वाढवल्या तर एकाच रेषेत मिळतात. याला शाइम्पफ्लुगचा नियम म्हणतात, थिओडोर शाइम्पफ्लुग हा ऑस्ट्रियाच्या सैन्यातला अधिकारी, आकाशातनं घेतलेले तिरके फोटो सरळ करायच्या कामात त्यानं १९०४ साली पेटंट घेतलं, त्याच्याआधी १९०१ साली फ्रान्सच्या ज्यूल कार्पेंतिएनं हीच गोष्ट मांडली होती. एक लक्षात ठेवा, यात डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे शार्प दिसणारी खोली, वाढत नाही, फक्त जिथं पाहिजे तिथं फिरवून नेता येते. क्लोजअपमध्ये डेप्थ इतकी कमी असते की ती नेमकी कुठं टाकायची हेच तर सगळं आहे.

आता हे घरी का करायचं, कंपनीची टिल्ट लेन्स का नको? पैसे हे एक कारण झालंच, त्यावर बोलायला नको. पण माझ्या मते मोठं कारण दुसरंच आहे आणि ते फार कमी लोक सांगतात, ते म्हणजे जितकं जवळ जाल तितका टिल्ट जास्त लागतो. हिशोब असा आहे बघा: लेन्स जेवढ्या अंशात कलवली त्याचा टॅन काढायचा, त्याला मॅग्निफिकेशननं (वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराच्या किती पट पडते तो आकडा) भागायचं, आलेल्या आकड्याचा परत कोन काढायचा आणि त्यात लेन्सचा कोन मिळवायचा, हा झाला शार्प पातळीचा सेन्सरशी होणारा कोन. समजा आपण टेबलाकडं ४५ अंशातनं खाली बघतोय. वस्तू सेन्सरवर पाव आकाराची पडत असेल तर १० अंश टिल्टमध्ये काम होतं. अर्ध्या आकाराला जवळजवळ १६ अंश लागतात. आणि एकास एक, म्हणजे लाइफ साइझला गेलात तर साडेबावीस अंश. आता बाजारातल्या लेन्स बघा, निकॉनची ८५ मिमी पीसी-ई साडेआठ अंश कलते, कॅननची ९० मिमी मॅक्रो टीएस-ई १० अंश. दोन्ही अर्ध्या आकारापर्यंत जातात, आणि तिथं १० अंशात पातळी सगळी मिळून २९ अंशच फिरते. लेन्स उत्तमच आहेत त्या, मोठ्या वस्तूंना, इमारतींना, जेवणाच्या ताटाला भरपूर झालं एवढं, पण साजाच्या तीन पानांत शिरायचं असेल तर हात आखूड पडतो. आपण कॅमेरा आणि लेन्स यांच्या मधे लावणार तो रबरी बूट, गाडीच्या एक्सलवरचं घड्यांचं आवरण, मात्र २५ अंश आरामात वाकतो. म्हणून सुरुवातीलाच ठरवा की बनवायची ती २५ अंश कलणारी आणि कलवल्यावर तिथंच घट्ट राहणारी. ही घट्ट राहण्याची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, पुढं तिच्यावर बराच वेळ घालवणार आहे मी.

लेन्स कुठली? एन्लार्जरची, ७५ किंवा ८० मिमीची. डार्करूममध्ये निगेटिव्हवरनं कागदावर प्रिंट काढायला जी लागायची ती. ती जवळच्या अंतरासाठीच बनवलेली असते, सपाट वस्तू कोपऱ्यापर्यंत सपाट दाखवते, अॅपर्चरची रिंग हातानं फिरते, वजन नगण्य, आणि डार्करूम बंद पडल्यामुळं स्वस्तात मिळते. एल-निक्कॉर, कॉम्पोनॉन, रोडागॉन असली नावं दिसली तर डोळे झाकून घ्या, साध्या तीन काचांच्या पण एफ/८ ला चांगल्या चालतात. कोल्हापुरात जुने स्टुडिओ भरपूर आहेत, मालक वयानं मोठे असतात, जाऊन नीट विचारा, "काका, ब्लॅक अँड व्हाइटचा एन्लार्जर अजून आहे का हो माळ्यावर?" एवढं विचारलं की बऱ्याचदा लेन्सच्या आधी तासभर गप्पा मिळतात आणि त्या ऐकण्यासारख्या असतात. लेन्स हातात आली की मागनं मोबाईलची टॉर्च मारून बघा, आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर फंगस आहे, आपल्याकडच्या पावसाळ्यात माळ्यावर पडलेल्या लेन्सला हा रोग ठरलेला. बारीकसा कोपऱ्यात असेल तर चालतो, मधोमध पसरला असेल तर सोडून द्या.

५० मिमीची एन्लार्जर लेन्स सगळ्यात जास्त मिळते आणि मोह होतो, पण या कामाला ती घेऊ नका. कारण दोन. पहिलं, आरसा असलेल्या डीएसएलआर कॅमेऱ्यात माउंटपासून, म्हणजे लेन्स बसते त्या कड्यापासून, सेन्सरपर्यंतच ४६.५ मिमी जातात निकॉनला, ४४ कॅननला, आणि ५० ची लेन्स पाव आकारासाठी सेन्सरपासून फक्त साडेबासष्ट मिमीवर लागते, मग मधे बूट, प्लेट, कॅप बसवायला उरतं काय? दुसरं, लेन्स कलवली की ती जो गोल उजेड टाकते तो सेन्सरवरनं एका बाजूला सरकतो, ५० मिमीच्या लेन्सचा गोल जेमतेम ३५ मिमी फिल्मपुरता असतो, जास्त टिल्टला कोपरे काळे पडतात. ७५-८० वाल्या ६x६ सेमीच्या निगेटिव्हसाठी बनवलेल्या, त्यांचा गोल मोठा, क्रॉप, म्हणजे छोट्या, सेन्सरला तर भरपूर. मिररलेस, म्हणजे आरसा नसलेला कॅमेरा, असेल तर अजून मजा, सोनी ई ला १८ मिमी, निकॉन झेडला १६, म्हणजे जागाच जागा, फक्त बूट तेवढा लांब घ्यावा लागेल.

अंतराचं गणित आत्ताच करून ठेवा म्हणजे बूट घेताना फसगत होत नाही. सेन्सरपासून लेन्सचं अंतर म्हणजे फोकल लेंग्थ गुणिले एक अधिक मॅग्निफिकेशन. ७५ मिमीला पाव आकारासाठी ९४ मिमी, अर्ध्यासाठी ११२.५, एकास एकसाठी १५०. यातनं निकॉनचे ४६.५ वजा केले की उरतं साधारण ४७, ६६ आणि १०३, म्हणजे माउंटच्या पुढं जो जुगाड बांधायचा त्याची लांबी. दाबून ४५-४७ आणि ताणून ८० पर्यंत जाणारा बूट मिळाला की पाव ते दोन तृतीयांश आकारापर्यंतचं सगळं काम होतं आणि रोजच्या कामाला मला एवढं पुरतं. क्रॉप सेन्सरवर पाव आकार म्हणजे फ्रेममध्ये साधारण ९४ मिमी रुंदीची वस्तू, अर्धा आकार म्हणजे ४७ मिमी.

बूट म्हणजे गाडीच्या एक्सलवर ग्रीस आत आणि धूळ बाहेर ठेवायला जो घड्याघड्यांचा रबरी शंकू असतो तो. ऑटो स्पेअर्सच्या कुठल्याही दुकानात एक्सल बूट म्हणून मागा, स्टिअरिंग बूट पण दाखवायला सांगा, तो जरा मऊ असतो. एक बाजू मोठी, एक बारीक, बारीक बाजूच्या घड्या ब्लेडनं कापत आलं की पाहिजे तो व्यास मिळतो. आतनं सगळ्यात अरुंद जागी ४५ मिमी तरी मोकळं राहिलं पाहिजे नाहीतर बूटच कोपरे खाईल. दुकानात हातात घेऊन दाबून बघा, वाकवून बघा, जो बूट दाबल्यावर कुरकुरत जोरात परत उसळतो तो आपल्या कामाचा नाही, मऊ पाहिजे. आणि नवीनच घ्या. जुना गॅरेजमधला फुकट मिळतो पण ग्रीस कितीही धुतलं तरी रबरातनं परत निघतं, ते सेन्सरवर गेलं तर गेला कॅमेरा. नवीन बूट पण भांड्याच्या साबणानं आत-बाहेर दोनदा धुवा, आत पांढरी पावडर लावलेली असते, घड्यांच्या खाचेत टूथब्रश फिरवा आणि पूर्ण वाळू द्या.

बाकीचं सामान म्हणजे एक साधी बॉडी कॅप आपल्या कॅमेऱ्याची, लेन्स काढल्यावर तोंडाला लावतात ती टोपी, ती लोकल कंपनीची शंभर-दोनशेत मिळते, दोन मिमी जाडीचा अॅल्युमिनियमचा पत्रा, त्याच जाडीची २० मिमी रुंद पट्टी, चार छोटे एल अँगल, एम ५ चे बोल्ट आणि विंग नट, एम ३ चे सीएसके, म्हणजे डोकं आत बुडणारे, स्क्रू नटांसकट, नळाचे रबरी वायसर, अॅरल्डाइट, बुटाच्या दोन तोंडांसाठी होज क्लिपा, काळा वेल्वेट पेपर, आणि फळ्याला लावतात तो काळा रंग. हा फळ्याचा रंग खरंच चांगला आहे, साधा ऑइल पेंट काळा दिसला तरी आतनं चमकतो आणि फोटोचा कॉन्ट्रास्ट घालवतो, हा चमकत नाही. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत एका फेरीत यातलं बहुतेक सगळं मिळून जाईल.

कॅपला मधोमध भोक पाडायचंय, होल सॉ, म्हणजे गोल भोक कापणारी करवत, वापरा, निकॉनला ४० मिमीच्या आसपास, बाजूची लॉकची दातेरी कडी अजिबात दुखवायची नाही. कॅप लाकडावर ठेवून हळू ड्रिल करा, फास्ट केलं की प्लॅस्टिक वितळून चिकटतं. मग कानसनं कड साफ, ४०० नंबरच्या पॉलिश पेपरनं गुळगुळीत, आणि धुऊन टाका. कॅमेरा या वेळी दुसऱ्या खोलीत पाहिजे, प्लॅस्टिकचा एक कण आत गेला तरी प्रत्येक फोटोत दिसतो.

पत्र्याच्या दोन प्लेटा, ७५ मिमी चौरस. मागच्या प्लेटला कॅपच्या भोकाएवढंच भोक, पुढच्या प्लेटला लेन्सचं. बहुतेक एन्लार्जर लेन्सला एम३९ चे आटे असतात, ३९ मिमी व्यास आणि इंचाला २६ आटे. ते आटे कापायच्या फंदात पडायची गरज नाही, ३९ पेक्षा किंचित मोठं साधं भोक पाडा आणि लेन्सच्या मागं जी आट्यांची रिंग येते तिनं आवळून टाका. रिंग हरवली असेल तर एम३९ ते एम४२ ची बारीक अॅडॅप्टर रिंग मिळते, ती मागनं लावली की तीच नटाचं काम करते. आणि घरी भोक नीट गोल येत नसेल तर सरळ कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या भागात, जा. लेथवाल्याला माप लिहून द्या, तोंडी सांगू नका. "कुठल्या गाडीचं हाय हे?" असं विचारतीलच, कॅमेऱ्याचं आहे म्हटलं की मग कडा पण घासून देतात प्रेमानं. चित्रपटकार बाबूराव पेंटरांनी देशी बनावटीचा कॅमेरा घडवला तो याच गावात, तेव्हा कॅमेऱ्याचे पार्ट करायला कोल्हापूर नवखं नाही. माझं मत असं की लेन्सची प्लेट लेथवरच करून घ्यावी, भोक अर्धा मिमी जरी वाकडं झालं तरी लेन्स एका बाजूला टेकते आणि शून्य टिल्टला पण एक बाजू मऊ येत राहते.

मागची प्लेट कॅपला जोडताना नुसत्या अॅरल्डाइटवर विश्वास ठेवू नका, कॅपचं प्लॅस्टिक तेलकट असतं आणि काही महिन्यांनी सुटतं. तीन एम ३ चे सीएसके स्क्रू घाला, डोकी कॅपच्या आतल्या बाजूनं बुडवून, नट बाहेर प्लेटकडं, आणि मधे अॅरल्डाइट उजेड अडवायला. कॅपच्या आतल्या पृष्ठभागाच्या वर एकही स्क्रूचं डोकं, गोंदाचा थेंब, काहीही आलं नाही पाहिजे, डीएसएलआरचा आरसा तिथनंच वर-खाली होतो, अडकला तर मोठा खर्च. बोट फिरवून बघा, मग कॅमेऱ्याला लावा.

आता पकड. बऱ्याच ठिकाणी लेन्स नुसती बुटात खोचून हातानं वाकवून फोटो काढायला सांगतात, पोर्ट्रेटला ती मजा ठीक आहे, पण क्लोजअपमध्ये अर्धा मिमी हलली की फोकस गेला, म्हणून सांगाडा पाहिजेच. मागच्या प्लेटच्या डाव्या-उजव्या कडेला एकेक एल अँगल घट्ट बसवा. त्यावरनं पुढं दोन पट्ट्या जातात, प्रत्येकी १०० मिमीच्या, आणि त्या पट्टीत लांब खाच, ४० मिमीची, ५ मिमी रुंद. खाच पाडायची म्हणजे ओळीनं भोकं मारून मधलं कानसनं काढायचं, अर्धा तास जातो पण होते. पुढच्या लेन्सच्या प्लेटला पण दोन्ही बाजूला अँगल, आणि त्या अँगलमधनं एम ५ बोल्ट पट्टीच्या खाचेतनं बाहेर, वर विंग नट. झालं, विंग नट सैल केला की लेन्सची प्लेट खाचेतनं पुढं-मागं सरकते आणि त्याच बोल्टवर खाली-वर कलते. दोन्ही कामं एकाच बोल्टवर. हे बोल्ट लेन्सच्या मधोमध उंचीला आणि होता होईल तो लेन्सच्या काचांच्या मध्याजवळ येतील असे बसवा, म्हणजे कलवताना फ्रेम इकडंतिकडं पळत नाही. पट्टी आणि अँगलच्या मधे नळाचा रबरी वायसर घाला, त्यानं जी पकड येते ती नुसत्या लोखंडी वॉशरनं येत नाही, आणि नट पूर्ण आवळायच्या आधी हातानं थोडं थोडं हलवता येतं, बरोबर तेवढंच पाहिजे असतं आपल्याला.

टिल्ट फक्त वर-खाली मिळेल, डावी-उजवीकडं नाही. मुद्दाम एकाच दिशेचं ठेवलंय, दोन दिशांचं करायला गेलं की दोन्ही सैल होतात. उजवी-डावी पाहिजे असेल तर कॅमेरा ट्रायपॉडवर उभा फिरवायचा, विषय संपला.

बूट सगळ्यात शेवटी. दोन्ही प्लेटांवर एकमेकींसमोरच्या बाजूला बूट चढायला कडं लागतं, पीव्हीसी पाइपचा १० मिमीचा तुकडा कापून चिकटवा, आतनं काळा रंग, त्यावर बूट ओढून घ्या आणि होज क्लिपनं आवळा. पीव्हीसी चिकटवायच्या आधी पॉलिश पेपरनं खरबरीत करून घ्या. आत जिथं जिथं चमक दिसते, विशेषतः त्या कड्यांच्या आतनं, तिथं वेल्वेट पेपर लावा. आणि एक गोष्ट जी पटकन लक्षात येत नाही: काही एन्लार्जर लेन्सना अंधारात अॅपर्चरचा आकडा दिसावा म्हणून एक छोटी खिडकी असते, त्या खिडकीतनं उजेड आत येतो. डार्करूममध्ये ते बरोबर होतं, आपल्याला ते नको, त्यावर काळी टेप मारा. फोटोत एका बाजूला दुधट पट्टा येत असेल तर पहिला संशय हिच्यावर घ्या.

उजेड गळतोय का बघायची पद्धत सोपी आहे, लेन्सला पुढनं टोपी लावा, खोलीत अंधार करा, आयएसओ १६००, ३० सेकंदाचं एक्स्पोजर, आणि तेवढ्या वेळात मोबाईलची टॉर्च बूट, क्लिपा, प्लेटांच्या भोवती फिरवा. फोटो पूर्ण काळा आला पाहिजे. कुठं रेघ दिसली तर त्या बाजूला अजून अॅरल्डाइट.

कॅमेऱ्याला ही लेन्स कळत नाही, त्यामुळं मॅन्युअल मोड. मिररलेसमध्ये मेनूत लेन्सशिवाय शटर चालू द्यायची सेटिंग असते ती चालू करा नाहीतर बटण दाबून काहीच होत नाही आणि वाटतं की काहीतरी बिघडलंय. निकॉनच्या छोट्या डीएसएलआरमध्ये मीटर पण चालत नाही, हिस्टोग्राम बघून शटर ठरवा. ज्यांच्यात मीटर चालतं त्यांनी पण रीडिंग शून्य टिल्टला घ्यावं, लेन्स कलवल्यावर डीएसएलआरचं मीटर चुकीचं सांगतं. उजेड कमी पडणार हे धरून चला, रिंगवरचा एफ/८ पाव आकाराला खरा एफ/१० असतो, अर्ध्याला एफ/१२, एकास एकला एफ/१६. म्हणून मी रिंगवर एफ/५.६ ते एफ/८ च्या पुढं सहसा जात नाही, आणि टिल्ट बरोबर असेल तर जायची गरज पण पडत नाही, तोच तर फायदा आहे.

आता प्रत्यक्ष फोटो. ट्रायपॉड, लाइव्ह व्ह्यू, आणि अॅपर्चर पूर्ण उघडं, कारण उघड्या अॅपर्चरला चूक लगेच दिसते. आधी टिल्ट शून्य ठेवून फ्रेम लावा. साज असेल तर तो कापडावर सरळ रेषेत तुमच्यापासनं लांब जाईल असा मांडा. मधल्या पानावर फोकस करा, आणि फोकस करताना बूट न ताणता अख्खा कॅमेरा पुढं-मागं घ्या, एवढ्या जवळनं बूट ताणला की आकारच बदलतो. ट्रायपॉडवर फोकसिंग रेल, म्हणजे कॅमेरा पुढं-मागं सरकवायची पट्टी, असेल तर छानच. मग दोन्ही विंग नट अर्धे सैल करून लेन्स पुढनं खाली झुकवा, टेबलाकडं. स्क्रीन १० पट झूम करून जवळचं पान बघा, मग लांबचं. टिल्ट वाढेल तसं दोन्ही टोकं हळूहळू शार्पच्या दिशेनं यायला लागतात, बघत राहावं असं दृश्य असतं ते, मासा येतो, भुंगा येतो, बेलपान येतं, आणि मग एका ठिकाणी सगळी रांग एकदम उभी राहते. त्याच्या पुढं कलवलं की परत सुटते. मधलं पान या सगळ्यात जरा हललेलं असतं, कॅमेरा केसभर सरकवून ते परत आणा, मग टोकं परत बघा. दोन-तीन फेऱ्यांत जमतं. नट आवळा, आवळताना लेन्स हलते म्हणून आवळल्यावर परत एकदा तपासा, आणि मग अॅपर्चर ५.६ किंवा ८. दोन सेकंदाचा टायमर लावा, मिरर लॉकअप, म्हणजे आरसा आधीच वर धरायची सोय, असेल तर तो पण.

पहिल्यांदा करताना वरचं गणित वापरा, बाजूनं मोबाईलवर कोनमापकाचं अॅप लावून टेबल आणि कॅमेऱ्यातला कोन मोजा, लेन्स किती कलवायची त्याचा अंदाज येतो आणि मग डोळ्यानं थोडंच जुळवावं लागतं. अंदाज नसताना लोक टिल्ट फार कमी देतात आणि म्हणतात चालत नाही. अर्ध्या आकाराला १६ अंश म्हणजे लेन्स अगदी वाकडी दिसते बाहेरनं, घाबरू नका, तेवढीच पाहिजे.

शार्प भाग हा पाचरेसारखा असतो, लेन्सच्या बाजूला अरुंद आणि लांब जाईल तसा जाड. त्यामुळं कापडावरच्या सपाट वस्तू सगळ्या येतात पण मधेच उभी असलेली वस्तू, समजा साजाच्या जवळ ठेवलेली कुंकवाची करंडी, तिचं बूड शार्प आणि झाकण मऊ येणार. हे टाळता येत नाही. उभी वस्तू घ्यायचीच असेल तर ती मागं ठेवा, जिथं पाचर जाड आहे.

सोन्याला समोरनं थेट लाइट मारू नका, ७५ मिमीच्या लेन्सनं अर्ध्या आकाराला लेन्स आणि दागिना यांच्यात सव्वादोनशे मिमी अंतर मिळतं, त्यात वरनं ट्रेसिंग पेपरचा पडदा आरामात धरता येतो, त्याच्या वरनं लाइट. लेन्सच्या प्लेटची पुढची बाजू पण काळी करा, नाहीतर अॅल्युमिनियमची चौकोनी चमक प्रत्येक मण्यात दिसेल.

कोल्हापुरी चपलेवर ही लेन्स जी काम करते ते मला सगळ्यात आवडतं. पट्ट्यावरची चामड्याची वेणी बोटांकडनं मागं जाते, नेहमीच्या मॅक्रोनं दोन पेड शार्प येतात, यानं अख्खी वेणी, प्रत्येक पेडाची कड, चामड्याच्या बारीक सुरकुत्या, शिवणीचा टाका. पट्टा वर चढलेला असतो म्हणून शार्प पातळी तळव्यावर न ठेवता पट्ट्याच्या उतारावर बसवा, टिल्ट कमी लागतो. या चपलेला २०१९ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, हाताचं काम आणि मशीनचं काम यातला फरक गिऱ्हाइकाला फोटोत दिसला पाहिजे असं मला मनापासून वाटतं, आणि तो फरक टाक्यातच दिसतो. कारागिराला असा फोटो करून द्या, त्यांना विकायला उपयोग होतो.

बाहेर किड्यांसाठी वापरायची असेल तर टिल्ट घरीच ८-१० अंशावर आवळून न्या आणि आकार पावच्या आसपास ठेवा, शेतात नट फिरवत बसायला चतुर थांबत नाही. पानावर बसलेली अळी, एका काडीवरनं रांगेत चाललेल्या मुंग्या, गवताच्या पात्यावरचे दवाचे थेंब, असलं रेषेत असलेलं काही मिळालं तर पाहा. पंख मिटून बाजूनं बसलेलं फुलपाखरू सेन्सरला समांतर मिळालं तर टिल्ट शून्य करा, तिथं त्याची गरज नाही. बारीक पावसात मात्र बाहेर काढू नका, प्लेटा आणि क्लिपांमधनं पाणी आत जातं.

काम झालं की लेन्स कॅमेऱ्यावरनं काढा, विंग नट सैल करून बूट त्याच्या मूळच्या लांबीला सोडा, दाबलेल्या अवस्थेत ठेवला तर घड्या तशाच बसतात आणि पुढच्या वेळी एका बाजूला ओढत राहतात. दोन्ही तोंडांना टोप्या लावून सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात ठेवा. दर पावसाळ्यानंतर बूट ताणून घड्यांच्या खाचेत टॉर्चनं बघा, रबराला भेग दिसली की बदला, बाकी सगळा सांगाडा तसाच राहतो, क्लिपा सोडल्या की पाच मिनिटांत नवीन चढतो.